आजोबांचं भाषण काढ

तुझी एकांकिका वाचली. शेवटी आजोबा सीमाभागातल्या घुसमटीवर दीड पान बोलतात, ते सगळं काढ. विषय घटनेतनं कळू दे की.

विजय तेंडुलकरांचं नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) घे. सुरुवातीलाच दाराच्या कडीत नायिका बेणारेबाईंचं बोट सापडतं. आपण ते विसरतोही. पुढं सोबतच्यांनी मांडलेला लुटुपुटीचा खटला त्यांच्या अंगावर येतो, त्या निघू बघतात, तर दाराला बाहेरनं कडी. बाईला समाजानं कोंडलंय, असं वाक्य लिहायची गरजच उरत नाही. शिवाय खटला खेळ म्हणून सुरू होतो, त्यामुळं प्रत्येकाला क्रूर व्हायला मोकळीक मिळते. ही रचना मला त्या कडीपेक्षाही भारी वाटते.

तुझ्याकडं आयतं साधन आहे: भाषा. आजोबा खानापूरच्या बाजारात कन्नडमध्ये झकास भाव करतात आणि घरी नातू कन्नड बोलला की ताट सरकवतात, एवढंच दाखव. प्रकाशयोजना नंतर बघू. स्पर्धेत निम्मे दिवे लागतच नाहीत म्हणा. आणि ती कन्नड वाक्यं लगेच मराठीत समजावत बसू नकोस, बेळगावच्या प्रेक्षकाला कळतात.