दुसऱ्यांदा जा

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू मला जिन्यात गाठलंस आणि बोलता बोलता रडायला लागलीस. आजूबाजूला कमिटीची माणसं होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते.

नाताळात तुमच्या तरुण संघाने परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर चादरी आणि बिर्याणीची पाकिटं वाटली. बुलढाण्याकडची एक बाई, नवऱ्याला उपचाराला घेऊन आलेली, तुला म्हणाली, "ताई, उद्या याल का?" तुला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तुला वाटतंय की आपला विश्वास पोकळ आहे, नोकरी सोडावी, बायबल कॉलेजला जावं, पूर्णवेळ सेवेत पडावं. त्यात कुणा वडीलधाऱ्यांनी तुला ऐकवलं की येशूची सुवार्ता सांगितली नाही तर ते नुसतं समाजकार्य.

अगं, त्या बाईने विचारलं काय होतं? उद्या याल का, एवढंच ना? मग गेलीस का? जानेवारी सरत आला. तुझं ऑफिस लोअर परळला. संध्याकाळी सुटल्यावर चालत गेलीस तरी पोचशील. आणि तू मला कॉलेजचा फॉर्म दाखवतेस!

दुसऱ्यांदा जा. माझं म्हणणं इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला, वाटेत लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या अनोळख्याला उचलणाऱ्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट, तू रविवारच्या शाळेत पाठ केला आहेस. तेल, द्राक्षारस, जखमा बांधणं, आपल्या जनावरावर बसवणं, इथवर सगळे सांगतात. त्याच्या पुढचं वाक्य वाच. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणतो, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. परत येईन! प्रवासाला निघालेला माणूस अनोळख्यासाठी परतीची वाट बांधून घेतो. याजक आणि लेवी, दोघे देवळातले सेवक, त्या जखमीला पाहून बाजूने निघून गेले म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. पण पट्टी बांधून, फोटो काढून, पुन्हा त्या रस्त्याला न फिरकणारे आपण कोण?

पहिल्या खेपेला आपल्याला काही कळत नाही, म्हणून मी ही एकच गोष्ट धरून बसले आहे. तुमच्या बिर्याणीचंच बघ. त्या फुटपाथवर किती जण तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे असतात. रेडिएशनने तोंड सोललेलं, जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाही, कुणाच्या नाकात नळी. त्यांनी मसाल्याची बिर्याणी खायची कशी? दुसऱ्यांदा गेली असतीस तर कळलं असतं की त्यांना मऊ पेज हवी, मिरचीशिवाय, आणि नळीवाल्याला गाळलेलं पातळ. तिसऱ्यांदा कळलं असतं की त्या बाईला जेवणापेक्षा अर्धा तास हवा आहे. नवऱ्यापाशी कुणी बसलं तर तिला आंघोळ करून येता येईल. मग कळतं की रेशनकार्ड गावी राहिलंय आणि जनआरोग्य योजनेचा कागद त्यापायी अडलाय. गावी जायला रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला सवलत असते, स्लीपरला त्याचं भाडं माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सूट, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण तिथे उतरतात. उतारशाळा म्हणजे आणखी काय असते? त्या दारात तिच्यासोबत जाऊन उभी राहा. खोली रिकामी नसेल तर पुन्हा जा.

पंडिता रमाबाईंचं नाव तू भाषणात घेतेस. शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, त्यांनी याच मुंबईत काढलं, १८८९ साली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली पुण्याजवळ केडगावला आपल्या आश्रमात आणल्या. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आधीच्याच मुलींनी घर भरलेलं होतं, तरी दार पुन्हा उघडलं. ते दुसऱ्यांदा उघडलेलं दार मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं.

आता सुवार्तेचं. मी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली. जो माणूस खाटेवरून उठून निघून जाऊ शकत नाही त्याला प्रवचन द्यायचं नाही, हे मी तिथे ठरवलं आणि त्यावरून हटले नाही. कुणी विचारलं, तुम्ही का येता, तर येशूचं नाव घेतलं, न लाजता. न विचारणाऱ्याची चादर बदलली. बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा न्याय करताना काय काय विचारतो ते बघ: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. कुणाला किती वचनं ऐकवली, हे त्या यादीत कुठे आहे?

यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. ड्यूटी नसताना रविवारी वॉर्डात बसायचे, म्हणून महिला मंडळातून माझं नाव काढलं. 'सिस्टरबाईंना उपासनेचं महत्त्व नाही' असं माझ्या पाठीमागे बोललं गेलं. महत्त्व होतं गं. गीतं ऐकायला जीव तुटायचा. पण शेवटच्या दिवसांतल्या माणसाला 'उद्या येते' म्हणाले असेन आणि तो उद्या रविवार निघाला, तर मी काय करायचं होतं? प्रभूने शब्बाथ दिवशीच, विसाव्याच्या पवित्र दिवशीच, बरं केलं ना माणसांना? आज वय झालं तरी मला हेच बरोबर वाटतं. एक दुःख मात्र आहे. माझी आई नगरला एकटी होती. तिच्याकडे मी सणावारीच जाऊ शकले, आणि तिने कधी 'उद्या येशील का' असं विचारलंही नाही. तुझी आई कल्याणला एकटीच असते ना? हा नियम घरालाही लागू आहे.

आणि त्या बाईचं नाव काय, हे तू मला सांगितलंच नाहीस. विचारलं नव्हतंस बहुतेक. शनिवारी पेज मी करून देते, सकाळी माझ्याकडून डबा घेऊन जा. ती तिथे नसेल तर शेजारच्यांना विचार, फुटपाथवरच्यांना एकमेकांची खबर असते. गावी गेली असेल, तर तिच्या जागी जे कुणी असेल त्याच्यापाशी बस. सोमवारी ऑफिस सुटल्यावर पुन्हा जा. फॉर्मची मुदत जूनपर्यंत आहे म्हणालीस. तोवर तो कपाटात राहू दे. मे महिन्यात माझ्याकडे ये. तुझ्या मनाला काय वाटतं ते मी तेव्हा विचारणार नाही, तिच्या नवऱ्याचे रिपोर्ट काय आले ते विचारीन.

तुझी,
मावशी