उपग्रह प्रतिमांवरून बनवलेल्या बांधकामाच्या नकाशात उन्हाळ्यात पडीक शेतं बांधकाम म्हणून दिसतात. रडारच्या प्रतिमा जोडल्या तर पुण्याच्या कडेचा नकाशा सुधारेल का?

सुधारेल, पण कोणत्या महिन्यांच्या प्रतिमा घेता यावर सगळं अवलंबून आहे.

कोरड्या उघड्या मातीकडून निकट-अवरक्तपेक्षा लघुतरंग-अवरक्त प्रकाश जास्त परततो. काँक्रीटचंही बऱ्याचदा तसंच. म्हणून एप्रिलमधला एनडीबीआय (या दोन प्रकाशांच्या तुलनेतून बांधकाम ओळखणारा निर्देशांक) दोघांत फरक करू शकत नाही. त्याऐवजी सेंटिनेल-२ या प्रकाशचित्रं घेणाऱ्या उपग्रहाच्या वर्षभराच्या ढगविरहित प्रतिमांतून प्रत्येक पिक्सेलच्या एनडीव्हीआयचा (हिरवेपणाच्या निर्देशांकाचा) ९० वा शतमक, म्हणजे ९० टक्के मूल्यं ज्याच्या खाली येतात तो आकडा, काढा. शेत खरिपात नाहीतर रब्बीत हिरवं होतंच, छप्पर होत नाही.

सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमा मात्र फेब्रुवारी ते मे याच काळातल्या घ्या. तेव्हा सुक्या मातीचा परतसंकेत क्षीण असतो, तर जमीन आणि भिंत यांवर दोनदा आपटून परतणारा संकेत जोरदारच राहतो. पावसाळ्यात ओल्या नांगरटीचा संकेत वाढतो आणि हा फरक बुजतो. म्हणजे जो उन्हाळा तुम्हाला नडतोय, तोच रडारसाठी सर्वांत चांगला!

एका उपग्रहाची फेरी १२ दिवसांची, त्यामुळे या काळात एकाच कक्षेच्या साधारण १० प्रतिमा मिळतात. त्यांचा मध्यक घेतला की कडा न पुसता ठिपकेदार गोंगाट बराच कमी होतो. आरोही (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि अवरोही (उत्तरेकडून दक्षिणेकडे) कक्षा एकाच मध्यकात मिसळू नका. मध्यक डेसिबलमध्ये घेतला तरी चालतो. सरासरी हवी असेल तर आधी रेषीय एककात बदला. व्हीव्हीबरोबर (उभ्या ध्रुवीकरणात पाठवलेला आणि उभ्यातच परतलेला संकेत) व्हीएचही (उभ्यात पाठवलेला, आडव्यात परतलेला) ठेवा, कारण रडारला तिरप्या उभ्या इमारती व्हीव्हीत फिक्या पडतात.

मग हे सगळे पट्टे १० मीटरच्या एकाच जाळीवर, ईपीएसजी ३२६४३ (पुण्याला लागू पडणारी यूटीएम ४३ उत्तर ही निर्देशांक पद्धत) मध्ये, एकावर एक रचून रँडम फॉरेस्टला (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीला) द्या. एकके वेगळी असली तरी त्याला फरक पडत नाही.

खरा त्रास वाघोलीकडच्या दगडखाणी देतील. त्या हिरव्या होत नाहीत आणि उभ्या कड्यांमुळे रडारमध्येही उजळ दिसतात. त्यांना स्वतंत्र वर्ग द्या, मावळातल्या पॉलिहाउसनाही. सिंहगडाच्या बाजूला रडारसमोरचे उतार फसवतात, तिथे एसआरटीएम या उंचीच्या नकाशावरून तीव्र उतार वगळा.

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रक्रियेत आकड्यांत १००० ची भर असते. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' (ही भर काढून टाकलेला) संच वापरा, नाहीतर जुन्या-नव्या प्रतिमांच्या तुलनेत खोटे बदल दिसतील.

तपासणीचे बिंदू प्रशिक्षणाच्या बिंदूंशेजारून उचलू नका, अचूकता फुगते. काही अख्खे चौरस किलोमीटर आधीच बाजूला काढून ठेवा.