शेल्फवर लावायच्या आधी पुस्तक उलटून बघ

तुझा मेसेज वाचला, जुन्या पुस्तकांच्या दुकानात कामाला लागतेयस हे वाचून मला खरंच खूप बरं वाटलं. तू विचारलंयस की सगळ्यात आधी काय शिकू, तर माझ्याकडे त्याला एकच उत्तर आहे. हातात आलेलं प्रत्येक पुस्तक शेल्फवर लावायच्या आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून बघ. गठ्ठे कितीही मोठे असू देत, मागे कितीही गर्दी असू दे.

हे मी का सांगतोय ते सांगतो. एकदा एका घरातून वारलेल्या माणसाची पुस्तकं आली, त्यात एक जाडजूड शब्दकोश होता, मी फक्त बांधणी बघितली, चांगली होती, लावून टाकला आणि दोन दिवसांत तो विकलाही गेला. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी आली, म्हणाली शब्दकोशाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बाबांनी घरातल्या प्रत्येकाच्या जन्माची तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती, तो परत मिळेल का. कोण घेऊन गेलं मला माहीत नव्हतं. ती काहीच बोलली नाही, नुसती थोडा वेळ शेल्फसमोर उभी राहिली आणि गेली. तेव्हापासून कोणी पुस्तकं घेऊन आलं की मी आधी म्हणतो, एकदा आत चाळून घ्या, काही राहिलं असेल, आणि त्यांनी बघितलं तरी नंतर मी स्वतः बघतोच.

उलटताना बाकीचंही आपोआप दिसत जातं. पुस्तक मोठ्या कागदाला घड्या घालून तयार होतं, अशा घडी घातलेल्या एका कागदाला फर्मा म्हणतात, बऱ्याचदा एका फर्म्यात १६ पानं, त्यामुळे बांधताना एखादा फर्मा राहून गेला तर ३२ नंतर थेट ४९ येतं, आणि वरून बघून हे कधीच कळत नाही, गिऱ्हाईक घरी जाऊन अर्ध्या गोष्टीत अडकतं. मग आवृत्तीचं पान बघ. कधीकधी तिथे १ ते १० आकड्यांची एक ओळ असते, त्यात उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ते कितवं मुद्रण (पुन्हा छापताना आख्खी ओळ नव्याने जुळवण्यापेक्षा एक आकडा खोडणं सोपं, म्हणून ही पद्धत). आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, १९७० च्या सुमारास आला, आणि १३ आकड्यांचा झाला २००७ पासून, त्यामुळे त्यावरूनही वयाचा साधारण अंदाज येतो, पण फक्त अंदाजच हं, छोटे प्रकाशक नंबर घेतच नाहीत कित्येकदा.

कागदाचं वय मात्र फसवतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद सगळीकडे आला, त्यातलं लिग्निन (लाकडाला टणक करणारा घटक) आणि आम्ल यामुळे पानं पिवळी पडतात, कोपरे तुटतात, आणि त्याआधीचा चिंध्यांपासून बनवलेला कागद दोनशे वर्षांनीही पांढरा राहू शकतो. जुन्या पुस्तकाला जो गोडसर वास येतो ना, तोही बराचसा लिग्निन तुटण्यातूनच येतो. मला तो वास फार आवडतो, पण कुबट दमट वास आला तर मात्र सावध हो, ती बुरशी असते, ते पुस्तक लगेच वेगळं ठेव आणि कोरड्या हवेत वाळव, नाहीतर शेजारच्या पुस्तकांनाही लागते. कसर किंवा किड्यांचा संशय असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या आसपास थंड होणाऱ्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेव, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नकोस, नाहीतर पानांवर पाणी धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नकोस, गोंद तपकिरी होऊन कागदातच मुरतो आणि मग निघत नाही. किंमत लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात.

कोणी समासात लिहिलेलं असेल तर खोडू नकोस. पुष्कळ लोकांना असं पुस्तक खराब वाटतं, मला नाही वाटत, अनोळखी माणूस कुठे थांबला, कुठे चिडला हे वाचायला मिळतं, आणि असं पुस्तक मुद्दाम मागणारे लोकही असतात. फक्त विकताना आधी सांग, बस.

आणि आत सापडलेल्या वस्तूंसाठी एक डबा ठेव. पत्रं, फोटो, तिकिटं, वाळलेली पानं, सगळं निघतं. प्रत्येक वस्तू पाकिटात घाल, वर पुस्तकाचं नाव आणि तारीख लिही, कोणाकडून आलं ते आठवत असेल तर त्यांना कळव. पत्र असेल तर कोणाचं आहे हे कळण्यापुरतंच बघ, पुढे वाचू नकोस, आणि त्याचा फोटो काढून कुठे टाकू तर अजिबात नकोस, कितीही सुंदर असलं तरी. माझ्या डब्यात एका मुलीचं चौथीचं प्रगतिपुस्तक चौदा वर्षं पडून आहे, मागे कोणीतरी पेन्सिलने 'गणितात छान' असं लिहिलंय, दरवर्षी डबा आवरताना ते हातात येतं आणि मी परत आत ठेवतो.