इराक युद्धाआधी एवढी जाहीर चर्चा झाली, तरी युद्ध का टळलं नाही?

तुम्ही विचारलंय की २००३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत संसदेपासून रस्त्यापर्यंत इतका वाद झाला, मग हल्ला कसा झाला, आणि अशा चर्चेचा उपयोग तरी काय. खाली तुम्हीच जोडलंय, "अर्थात त्यावेळी खरं कुणालाच माहीत नव्हतं, सगळेच फसले." या एका ओळीसाठी लिहायला बसलोय. हीच ओळ मी वीस वर्षं आमच्या दाजींकडून ऐकतोय.

सगळे फसले नव्हते. आमच्याच घरात जेवणाच्या टेबलावर दोघे होतो, त्यातला एक फसला होता.

२००२ च्या गणपतीनंतर ऑफिसच्या कामाने मी दीड वर्ष लंडनला होतो, हॅरोला ताईकडे. दाजी मूळचे साताऱ्याकडचे, एसीच्या कामातले इंजिनिअर. १९९० मध्ये ते कुवेतला होते. २ ऑगस्टला इराकी सैन्य घुसलं तेव्हा ताई बाळंतपणाला माहेरी होती, हे नशीब. दाजींची गाडी एका सैनिकाने किल्ली मागून नेली. साठवलेल्या दिनारांना कुणी विचारेना. बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनची सीमा, तिथे तंबूत अकरा दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाने मुंबई. लाखाहून जास्त भारतीय असे आले. दाजींच्या हातात रेक्झिनची एक बॅग होती, तीही दुसऱ्याची. त्यामुळे सद्दामला मारायचं म्हटल्यावर कारण कोणतं का असेना, दाजी तयारच होते.

सप्टेंबर २००२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सरकारने इराककडच्या महासंहारक अस्त्रांबद्दलची ती पुस्तिका काढली. सद्दाम ४५ मिनिटांत रासायनिक अस्त्रं वापरू शकतो, म्हणे. ते रणांगणावरच्या जवळच्या माऱ्याबद्दल होतं, हे पुढे बाहेर आलं; पेपरांनी मात्र सायप्रसपर्यंत क्षेपणास्त्रं पोचवली. दाजी वरण ढवळताना घड्याळ बघून म्हणायचे, "पंचेचाळीस मिनिटं."

५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलने सुरक्षा परिषदेत, इराककडे जंतुअस्त्रं आहेत हे पटवायला, पांढऱ्या भुकटीची बाटली उचलून दाखवली. दाजी म्हणाले, "बघ, बाटलीच दाखवली." मी म्हणालो, "दाजी, ती बाटली तो घरून घेऊन आलाय." इराक जंतुअस्त्रं बनवतो म्हणे त्या फिरत्या प्रयोगशाळांचे फोटोही नव्हते, चित्रं होती, ट्रकची. रोज कामावर ड्रॉइंगवरून ठेकेदाराशी भांडणारा हा माणूस, या ड्रॉइंगवर मात्र एक प्रश्न नाही! (त्या ट्रकांची माहिती देणाऱ्या जर्मनीतल्या इराकी निर्वासिताने २०११ मध्ये कबूल केलं की आपण थापा मारल्या.)

खरं भांडण झालं ते इन्क्युबेटरवरून. ऑक्टोबर १९९० मध्ये नायिरा नावाची १५ वर्षांची मुलगी अमेरिकन खासदारांपुढे रडत म्हणाली होती की इराकी सैनिकांनी कुवेतच्या इस्पितळात बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. सिनेटर्सनी भाषणांत तो दाखला दिला, आणि जानेवारीत सिनेटमध्ये कुवेत सोडवायच्या युद्धाचा ठराव ५२ विरुद्ध ४७ ने निघाला. पुढे कळलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी, आणि हे सगळं एका जनसंपर्क कंपनीने बसवलेलं. मी हे जेवताना काढलं. दाजींनी हात धुतला आणि म्हणाले, "कुवेतमध्ये काय झालं ते आता तू मला सांगणार?" ताईने त्या दिवसापासून टेबलावर सद्दामला बंदी घातली.

१५ फेब्रुवारीच्या लंडनमधल्या युद्धविरोधी मोर्चाला मी गेलो. पोलिसांनी साडेसात लाख माणसं सांगितली, आयोजकांनी त्याच्या दुपटीहून जास्त. थंडीने बोटं बधिर झाली होती. रात्री ताईने गरम पिठलं वाढलं, दाजी वरच्या खोलीत होते.

आता "कुणालाच माहीत नव्हतं" बद्दल. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल-बरादेईंनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की इराक नायजरकडून युरेनियम घेऊ पाहत होता असं दाखवणारी कागदपत्रं बनावट आहेत. त्याच दिवशी युनोच्या शस्त्रतपासनीसांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले, तपासाला आणखी काही महिने द्या. १७ मार्चला ब्लेअर यांच्याच मंत्रिमंडळातल्या रॉबिन कुकने मंत्रिपद सोडलं आणि भर सभागृहात सांगितलं की सर्वसाधारणपणे ज्यांना महासंहारक अस्त्रं म्हणतात तशी इराककडे बहुधा नाहीतच. हे सगळं टीव्हीवर होतं. मी हॅरोच्या सोफ्यावर बसून ऐकलं, दाजी शेजारी होते. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश संसदेत सरकारच्या युद्धाच्या ठरावावर "युद्धाची बाजू अजून सिद्ध झालेली नाही" अशी उपसूचना आली. २१७ खासदार तिच्या बाजूने, ३९६ विरुद्ध. मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९. २० तारखेला बॉम्ब पडले.

आपल्याकडे तर आणखी मजा. ८ एप्रिलला लोकसभेने, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, या युद्धाविरुद्ध ठराव केला. हिंदीत शब्द होता 'निंदा', इंग्रजीत 'डिप्लोअर', म्हणजे 'कंडेम'पेक्षा एक पायरी खाली. आपण शब्द तोलतोय, तोवर दुसऱ्या दिवशी बगदादेत सद्दामचा पुतळा पडला.

युद्ध का टळलं नाही? लग्न आधीच ठरलेलं होतं, पत्रिका नंतर जुळवली. ब्लेअरने जुलै २००२ मध्येच बुशला लिहिलं होतं की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे. ब्रिटनच्या युद्धात उतरण्याची चौकशी करणाऱ्या २०१६ च्या चिलकॉट अहवालामुळे ते सगळ्यांसमोर आलं. शिवाय ब्रिटनमध्ये विरोधी पक्षच सरकारच्या बाजूला बसला होता. आणि पुरावा मागितला गेला तो इराककडे, की तुझ्याकडे नाही हे दाखव. नसलेली वस्तू कशी दाखवणार? उपयोग म्हणाल तर एवढाच, की कोण काय म्हणालं ते तारखेसकट नोंदलेलं राहिलं. म्हणून कुणी "सगळेच फसले" म्हणालं तर त्याला ७ मार्च सांगा. तो सोफ्यावर होता का, तेही विचारा.

चिलकॉट आला त्या रात्री मी पुण्याहून हॅरोला फोन केला. दाजी सगळं ऐकून म्हणाले, "बरं. तिकडे पाऊस कसाय?" आणि फोन ताईकडे दिला.

एक राहिलं. सद्दाम क्रूर होता, हलब्जा या कुर्दी गावावर त्याने सोडलेला विषारी वायू खरा होता. १९९१ च्या युद्धाबद्दलही माझं म्हणणं वेगळं आहे. तिथे एक अख्खा देश गिळलेला डोळ्यांना दिसत होता, त्यासाठी इन्क्युबेटरची गरजच नव्हती. दाजींना पुढे युनोच्या भरपाई आयोगाकडून थोडे डॉलरही मिळाले, इराकी तेलाच्या पैशातून कापलेले. बॉम्ब न टाकताही हिशोब होतो, असं मी त्यावरून एकदा म्हटलं होतं.

"त्यात गाडी धरली नव्हती," म्हणाले.