आठवडाभरात काय कापलंस?

नागपूर, मे अखेर

बाबू,

तू पाठवलेले चाकूंचे तिन्ही फोटो पाहिले. काळं पातं, पाठीला करवतीचे दात, एकाच्या मुठीवर तर कवटीच! पहिल्या पगारातून घ्यायचा म्हणतोस, तर पैसे तुझे, हौसही तुझी. पण आधी एवढं सांग, गेल्या आठवड्यात तुला चाकू कुठे कुठे लागला?

माझं सांगतो. कूलरच्या ताट्यांत नवी खस भरली, तिच्या सुतळ्या कापल्या, पंपाचा पाइप बोटभर कमी केला. कुरिअरच्या खोक्यावरची टेप. कांद्याच्या पोत्याची शिवण. एक कैरी, तिखट-मिठासोबत. (हिवाळा असता तरी संत्रं या यादीत आलं नसतं. आपल्याकडे त्याला चाकू लावला तर लोक हसतात.) यातल्या एकाही कामाला अडीच इंचांहून मोठं पातं लागलं नाही. मोठा चाकू चार दिवस खिशात मिरवतो, पाचव्या दिवशी पँट ओढतो म्हणून घरी राहतो, आणि नेमकी त्याच दिवशी सुतळी कापायची असते.

आता खटक्याचं नीट ऐक. घडीच्या काही चाकूंत पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, काहींत लॉक बसतं. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे खिशातले लहान चाकू बहुतेक पहिल्या जातीचे. कापताना त्यांचा त्रास नाही, कारण जोर पात्याला आणखी उघडायलाच पाहतो. टोकाने भोक पाडायला गेलास की डाव उलटतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत असताना मी प्लास्टिकच्या ड्रमला असंच भोक पाडत होतो. पातं मिटलं, मध्ये माझं बोट. चार टाके. चाकूचा काही दोष नव्हता, घाई माझी होती. भोकं पाडायचं काम रोजचं असेल तर लॉकवाला घे, आणि दुकानातच पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुगलं की खाली ठेव. फ्रान्सच्या ओपिनेलच्या मोठ्या मापांत १९५५पासून एक फिरणारं कडं येतं, ते फिरवलं की पातं अडकतं. मला ती युक्ती फार आवडते. पण मूठ लाकडी, आपल्या जुलैत फुगली की पातं बाहेर यायलाच तयार नसतं.

पोलादाच्या नावांनी गांगरू नकोस. साध्या कार्बन स्टीलला धार झकास येते, पण कैरी कापून तसाच मिटवला की काळं पडतं, पावसाळ्यात तांबेरतं. डी-टू नावाच्या कडक पोलादाची धार टिकते, मात्र एकदा गेली की परत आणताना घाम निघतो. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद मऊसर, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५६च्या आसपास. लवकर बोथटतं, पण चिनी मातीच्या कपाच्या तळाला जे खरखरीत, बिनचकाकीचं कडं असतं ना, त्यावर पाच मिनिटं घासलं की पुन्हा कागद कापतं. शिकणाऱ्याला हेच बरं. स्वस्तातल्या ‘दमास्कस’वर, म्हणजे लहरी-लहरींच्या पात्यावर, जाऊ नकोस, ती बहुधा वरवरची नक्षी असते. आणि सायकलवर चाक फिरवत धार लावणारा येतो, त्याला घरची कात्री दे, हा चाकू देऊ नकोस. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या की पातळ धारेचं पाणी उतरतं.

कवटीवाल्याला माझा नकार आहे तो वेगळ्याच कारणाने. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा शस्त्र म्हणून उल्लेख आहे, घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारं त्यातून वगळलीत. एवढं वाचून मुलं निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७खाली पोलीस आयुक्त मनाईचा आदेश काढू शकतात, त्यात चाकूही येतो, आणि सणावारी, मोर्चाच्या दिवसांत असे आदेश निघत असतात. सीताबर्डीवर रात्री नाकाबंदीत खिशातून लाल मुठीचा, बूच उघडायचा चाकू निघाला तर एक प्रश्न विचारतील. कवटीवाला किंवा बटण दाबताच फटकन उघडणारा निघाला तर बाप्पा, सांगत बस मग कैरीची गोष्ट! मेट्रोने जायच्या दिवशी चाकू घरीच ठेव, विमानाने जायचं असेल तर चेक-इनच्या बॅगेत टाक.

घ्यायच्या आधी आठ दिवस एक कर. जेव्हा जेव्हा चाकू हवासा वाटेल तेव्हा मोबाइलवर टिपून ठेव. ती यादी घेऊन रविवारी सकाळी ये, मग इतवारीत जाऊ. येताना घरातली एखादी बोथट सुरीही आण, कान तुटलेला एक कप मी काढून ठेवला आहे.

तुझा,
काका