निवृत्तीची रक्कम : हिशेब दोघांचा हवा

प्रश्न : चोपडा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी मे महिन्याच्या अखेरीस, ५८ व्या वर्षी, सेवानिवृत्त होत आहे. मला जुनी पेन्शन लागू आहे; शेवटचे मूळ वेतन ७२,००० रुपये. उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन विक्री मिळून मोठी रक्कम हाती येईल. मुलाला त्यातून टिश्यू कल्चर केळी व ठिबक करायचे आहे. एक नातेवाईक पतसंस्थेत जादा व्याजाने ठेव ठेवण्याचा आग्रह करीत आहेत. पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही. काय करावे?

उत्तर : आपण शेवटी लिहिलेली गोष्ट मी सर्वांत आधी घेतो. आपले मूळ निवृत्तिवेतन वेतनाच्या निम्मे, म्हणजे ३६,००० रुपये असेल. परंतु आपल्या पश्चात पत्नीला मिळणारे नियमित कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के, म्हणजे २१,६०० रुपये असेल. दोन्हींवर महागाई भत्ता मिळतो हे खरे. पण घरातील एक माणूस गेल्याने घरपट्टी, वीजबिल किंवा दवाखान्याचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून हाती येणाऱ्या रकमेचे पहिले काम ही तूट भरून काढण्याचे आहे, आणि मुलाच्या बागेचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेन्शन विक्री, म्हणजे अंशराशीकरण, ४० टक्क्यांपर्यंत करता येते. आपल्या बाबतीत दरमहा १४,४०० रुपये सोडल्यास वर्षाच्या रकमेला ८.३७१ या गुणकाने गुणून सुमारे साडेचौदा लाख रुपये एकरकमी मिळतील आणि तेवढी कपात १५ वर्षे चालू राहील. महागाई भत्ता मात्र मूळ, न कापलेल्या पेन्शनवरच मिळतो, विक्रीची एकरकमी रक्कम सरकारी निवृत्तांना करमुक्त असते आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून ही कपात होत नाही. डोक्यावर गृहकर्ज असेल तर ते फेडण्यासाठी हा मार्ग चांगला आहे. केवळ मुलाच्या भांडवलासाठी पूर्ण ४० टक्के विकणे मला पटत नाही, कारण पुढची १५ वर्षे कपात आपल्या पेन्शनमधून होईल आणि पैसा मात्र शेतात गुंतलेला असेल.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० वर्षांनंतरची असली, तरी ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ३ महिन्यांच्या आत, त्या रकमेच्या मर्यादेत खाते उघडता येते. ही मुदत चुकवू नका. सध्याच्या ८.२ टक्के दराने २० लाखांवर दर तिमाहीस ४१,००० रुपये व्याज मिळते, आणि खाते उघडताना असलेला दर ५ वर्षे कायम राहतो. खाते पत्नीसह संयुक्त ठेवा, म्हणजे आपल्या पश्चात तिला ते चालू ठेवण्याचा मार्ग राहतो. यांशिवाय डाकघर मासिक प्राप्ती योजनेत तिच्या एकटीच्या नावे ९ लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. व्याज तिच्या बचत खात्यात दरमहा जमा होईल. आपण दिलेल्या पैशावरील ते व्याज प्राप्तिकरासाठी आपल्याच उत्पन्नात धरले जाते, हे मात्र ध्यानात असू द्या.

पतसंस्थेबाबत मी कळकळीने सांगतो. बँकेतील ठेवीला, मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ठेवी अडकल्यामुळे आपल्या जळगाव जिल्ह्यातील किती निवृत्तांनी वर्षानुवर्षे सहकार खात्याच्या पायऱ्या झिजवल्या, हे आपण पाहिले असेल. दोन-तीन टक्के अधिक व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी त्या वाटेला नेऊ नये. नातेवाइकांना नकार देताना संकोच वाटेल, तो सोसावा.

मुलाला मदत अवश्य करा, पण रक्कम आधीच ठरवून आणि लिहून ठेवा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो वा कांदेबाग (पावसाळ्याअखेरची लागवड), केळीला वादळाचा एक तडाखा किंवा पडलेला भाव पुरेसा असतो. ठिबकसाठी महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करता येतो आणि लागवडीसाठी पीककर्ज मिळू शकते. ते मार्ग त्याने आधी धरावेत. शेत किंवा घर जिवंतपणी त्याच्या नावे करण्याची घाई नको. करायचेच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडल्यास हस्तांतर रद्द करण्याची मागणी करता येते.

प्रश्न : शिरपूर येथे माझे हार्डवेअरचे दुकान असून वय ४६ आहे. पेन्शन नाही. दुकान विकून पुढे भागेल का?

उत्तर : त्यावर विसंबू नका. दुकानाला त्या वेळी गिऱ्हाईक मिळेलच आणि योग्य किंमत येईलच, असे गृहीत धरता येत नाही. आजच पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते उघडून दरमहा १२,५००, म्हणजे वर्षाला १.५ लाख भरत राहिल्यास, ७.१ टक्के दर कायम राहिला, तर १५ वर्षांत म्हणजे एकसष्टीपर्यंत सुमारे ३९ लाख ४५ हजार रुपये जमतात. दिवाळीच्या विक्रीतून एकदम न भरता दरमहा ५ तारखेच्या आत भरा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर या काळातील किमान शिलकीवर मोजले जाते. आरोग्य विमाही याच वर्षी घ्या. आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण मिळण्यापूर्वी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि साठीत अर्ज केल्यास हीच ३ वर्षे अडचणीची ठरतील.