ऑरगॅनिकचा सी प्लस आणि तुमच्याकडचा पासवर्ड

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बायॉलॉजी मेजर. तिला डॉक्टर करायचंय. बाकी ग्रेड बरे आहेत, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस आला. मी रोज रात्री तिचं पोर्टल उघडून बघतो. समरमध्ये कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) हाच कोर्स पुन्हा केला की जुना ग्रेड पुसला जाईल ना? तिचं स्पॅनिश आणि ढोल-ताशा पथक बंद करायला सांगितलंय. नाहीच जमलं तर भारतात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस? – एक वडील

उत्तर : तुम्ही तिचे सगळे ग्रेड क्रेडिटसकट लिहून पाठवलेत. ती स्वतः काय म्हणते, याची मात्र एक ओळ नाही. ‘डॉक्टर करायचंय’ असं लिहिलंत; तिला व्हायचंय का? निकाल लागला की तो आधी बाबा बघणार आणि मग फोन येणार, या धास्तीत पोरगी दिवस काढत असेल, तर मला सी प्लसपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. अमेरिकेत कॉलेजात गेल्यावर निकालावरचा हक्क कायद्यानेच विद्यार्थ्याकडे जातो. फी तुम्ही भरता, हे मान्य. तरीही पासवर्ड बदलायला तिला आजच सांगा. आणि पथक तिला परत द्या. आठवड्यातले ते दोन-चार तास काढून घेतल्याने ऑरगॅनिक सुधारत नसतं.

आता ग्रेड पुसण्याबद्दल. हा समज आपल्याकडच्या रिपीटर बॅचमधून आलाय. ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली की प्रवेश नव्या गुणांवर होतो, मागच्या वर्षीचे कुणी विचारत नाही. तिथे तसं नाही. एमडीच्या (अमेरिकेत डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज ‘एएमसीएएस’ या सामाईक अर्जसेवेतून जातात आणि ही सेवा सरासरी स्वतः काढते. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स यांची वेगळी सायन्स सरासरी, बाकी विषयांची वेगळी. त्यात स्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये धरतात. सायकॉलॉजी आणि स्पॅनिश ‘बाकी’मध्ये. म्हणजे स्पॅनिश सोडून सायन्सचा आकडा तसूभरही हलणार नाही. कोर्स पुन्हा केला तर दोन्ही ग्रेड मोजले जातात, तिच्या कॉलेजच्या पोर्टलवर जुना ग्रेड दिसेनासा झाला तरीही. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, प्रत्येक कॉलेजकडून मागवतात, कम्युनिटी कॉलेजकडूनसुद्धा.

तुम्ही पाठवलेले सहा सायन्स कोर्स, प्रत्येकी 4 क्रेडिटचे : ए, ए मायनस, ए मायनस, बी प्लस, ए आणि हा सी प्लस. ए म्हणजे 4, ए मायनस 3.7, बी प्लस 3.3, सी प्लस 2.3 असं धरून सरासरी बरोबर 3.5. ऑरगॅनिक पुन्हा करून ए मिळाला तर होईल 3.57. आणि तेवढ्याच क्रेडिटच्या पुढच्या कोर्समध्ये, ऑरगॅनिक टूमध्ये, ए मिळाला तर? तेही 3.57! मग मागे कशाला जायचं? सी प्लस बहुतेक ठिकाणी पूर्वअट म्हणून चालतो. तिच्या मनातल्या कॉलेजांचं मात्र तिने तपासावं. पाया खरोखरच कच्चा राहिला असेल तर गोष्ट वेगळी. ते तिलाच ठाऊक असणार, आणि ते तिने प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन बोलावं.

प्रवेश मिळालेल्यांची सायन्स सरासरी 3.7च्या आसपास असते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण अर्जात ही सरासरी वर्षवार दिसते. दुसऱ्या वर्षी घसरून तिसऱ्या वर्षी सावरलेली मुलगी वाचणाऱ्याला लगेच कळते. पुढे एमकॅट ही तिथली प्रवेशपरीक्षा आहेच.

एनआरआय कोट्यालाही ‘नीट’ द्यावीच लागते. तो रस्ता तिने मागितला तर बोलू. तुमच्या धाकापायी नको.

समरचं रजिस्ट्रेशन करण्याआधी तिला तिच्या कॉलेजच्या प्री-हेल्थ अॅडव्हायजरला (मेडिकलला जाणाऱ्यांच्या सल्लागाराला) भेटू द्या, एकटीला. आणि पुढचं पत्र कृपया तुम्ही पाठवू नका. तिला विचारावंसं वाटलं तर ती लिहील, इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. उत्तर मी तिच्या नावाने देईन.